पाच फुटांवरची कडी

हार्डवेअरच्या दुकानात एक चांगला शर्ट घातलेला माणूस गुडघे टेकून बसला होता. दुकानदार त्याच्याकडे संशयानं बघत होता. गिऱ्हाईक धड असावं की नसावं, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिनं छत्री मिटली, पायऱ्यांवर झटकली आणि आत शिरली. तिची मोजायची टेप त्याच सकाळी कामावर दगावली होती. पट्टी बाहेर आली ती आत जायचं नावच घेईना. नवी टेप घ्यायची आणि पाच मिनिटांत बाहेर पडायचं, एवढाच तिचा बेत होता. पण वाटेत हा माणूस होता. त्याला ओलांडल्याशिवाय टेपांच्या खणापर्यंत जाता येत नव्हतं.

"काही पडलंय का तुमचं?" तिनं विचारलं.

"नाही. कडी उघडतोय."

समोरच्या फळीवर नमुन्याच्या कड्या आणि बोल्ट ओळीनं ठोकलेले होते. तो गुडघ्यावरूनच हात लांब करून एकेक कडी फक्त दोन बोटांनी सरकवून बघत होता.

"उभं राहून उघडा की. सोपं जातं."

"मला सोपं जातं. पण मी वापरणार नाहीये."

"मग कोण वापरणार?"

"सात वर्षांचं माणूस."

तिला हसू आलं. सात वर्षांच्या पोराला कोणी माणूस म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. पण दारं-कड्या हा तिच्या हातखंड्याचा विषय, आणि समोरचा चुकतोय हे दिसत असताना गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं फळीवरच्या सगळ्यात जाड कडीवर टिचकी मारली.

"ही घ्या. गंजत नाही, वाकत नाही, वर्षानुवर्षं हलत नाही. मी स्वतः बावीस दारांना लावली आहे."

त्यानं दोन बोटं लावून जोर केला. मग तिच्याकडे मान वर करून बघितलं. डोळे शांत होते, पण कोपऱ्यात काहीतरी मिश्कील चाललं होतं.

"हलत नाही, हे मात्र खरं आहे."

"दोन बोटांनी कोण कडी उघडतं हो?"

"दुसरीतल्या मुलांच्या अख्ख्या हातात एवढाच जोर असतो." तो उठला. "तुम्ही दारं बसवता का?"

"मी पाणी बसवते."

"पाणी... बसतं?"

"बसवलं तर बसतं," ती म्हणाली.

त्यानं सहा प्रकारच्या सहा कड्या घेतल्या, पिशवी छातीशी धरली आणि पावसात निघून गेला. त्याच्या पँटच्या गुडघ्यांवर धुळीचे दोन गोल उमटले होते. ती त्या दोन गोलांकडे बघत उभी राहिली. दुकानदारानं टेप किती मीटरची हवी ते तिला दोनदा विचारलं.

*

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तिला सगळे टाकीबाई म्हणत. नोकरीला लागली तेव्हा पहिलंच काम उंच टाकीचं मिळालं होतं. तिनं ते असं चोख केलं, की टाकी गावाला मिळाली आणि नाव तिला. बाईच्या हाताखाली गळती राहत नाही, असं मुकादमसुद्धा म्हणत. तिलाही ते माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे ती फारसं लपवतही नसे.

दुसऱ्या दिवशी तिला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. विषय होता बालहक्क आणि विकासकामांत मुलांचा सहभाग. खरं म्हणजे जायचं होतं मोठ्या साहेबांना. साहेबांनी ते पत्र दोन बोटांत धरून तिच्या टेबलावर ठेवलं होतं.

"साहेब, मी पाण्याची इंजिनिअर आहे, मुलांची नाही."

"पाणी मुलंही पितात," साहेब म्हणाले. "आणि तुला वेळ आहे. घरी ना नवरा, ना पोरंबाळं."

हे शेवटचं तिला लागलं होतं. म्हणूनच ती सकाळी साडेनऊला तोंड फुगवून प्रशिक्षणाच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. समोर टेबलावर सहा कड्या मांडून तोच उभा होता. आज पँट स्वच्छ होती.

"या," तो म्हणाला. "पाणी बसवणाऱ्या बाई."

"तुम्ही प्रशिक्षक आहात हे काल सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सल्ला दिलात."

ती पहिल्या रांगेत बसणार होती, ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. कान गरम झाले होते. रागानं असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं.

खोलीत अठरा जण होते. जाडजूड पोलीस इन्स्पेक्टर, हसऱ्या चेहऱ्याची नर्स, घड्याळाकडे बघणारे रस्त्यांचे इंजिनिअर, ग्रंथपाल, आणखी असेच. सगळ्यांनी मांडीवर वह्या उघडल्या होत्या आणि डोळे अर्धे मिटले होते. त्यानं वह्या मिटायला सांगितल्या.

"आता दहा मिनिटं सगळ्यांनी गुडघ्यावर चालायचं. पाणी प्यायचं, पंखा लावायचा, खिडकी उघडायची आणि बाहेर काय दिसतं ते येऊन मला सांगायचं."

आधी कोणी हललं नाही. मग नर्स खाली बसली आणि तिच्यामागे एकेक जण. इन्स्पेक्टरसाहेबांचे गुडघे फटाक्यासारखे वाजले. पाण्याच्या पिंपाचा नळ हनुवटीपाशी आला, पंख्याचं बटण सापडेना, खिडकीतून आभाळाशिवाय काही दिसेना. रस्त्यांचे इंजिनिअर दाराच्या मुठीला लटकले आणि दार त्यांच्याच अंगावर आलं. पाच मिनिटांपूर्वी पेंगणारे अठरा जण पोट धरून हसत होते.

"आता एक सांगा," हसणं ओसरल्यावर तो म्हणाला. "ही खोली बांधताना तुमच्या उंचीच्या माणसाला कोणी विचारलं होतं का?"

रस्त्यांचे इंजिनिअर गुडघे झटकत राहिले.

"मुलांना विचारणं म्हणजे त्यांच्यावर उपकार नाही. त्यांच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टीत त्यांचं मत घेतलं जावं, हा त्यांचा हक्क आहे. आणि विचारून मग न ऐकणं, हे न विचारण्यापेक्षा वाईट. मूल पुन्हा बोलत नाही."

तो आवाज चढवत नसे. पण कोणी दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडलं, की हात वर करून म्हणे, "थांबा." दुपारपर्यंत त्याचं नाव थांबा सर पडलं. ते नाव तिनंच पाडलं, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा थांबा तिलाच म्हटलं गेलं होतं. एकदा नाही, नऊ वेळा. तिनं मोजलं होतं.

"तुम्ही मोजलंत?" चहाच्या वेळी त्यानं विचारलं.

"मोजणं माझा धंदा आहे."

"मग हेही मोजा. दहाव्या वेळी तुमचं तुम्हीच थांबलात."

आपण थांबलो ते त्याच्या बोलण्यामुळे नाही, तो उन्हाच्या तिरिपेत उभा होता म्हणून... हे काही तिनं त्याला सांगितलं नाही. तिनं बिस्किट चहात बुडवलं. ते मोडून आत पडलं. त्यानं काही न बोलता आपला चमचा पुढे केला.

घरी वहिनीनं तिसऱ्याच दिवशी ओळखलं. वहिनी म्हणजे तिच्या मोठ्या भावाची बायको. वयानं चार वर्षांनीच मोठी, पण नजरेनं वकील.

"प्रशिक्षण फारच चांगलं दिसतंय."

"का?"

"कामावर जाताना तू आरशात बघत नाहीस. प्रशिक्षणाला जाताना दोनदा बघतेस."

आई आतून म्हणाली, "काय म्हणतेय ती?" आणि वहिनी म्हणाली, "काही नाही आई, बालहक्क."

*

चौथ्या दिवशी सगळ्यांना एका शाळेत नेलं. गाडी वळणावर आली तसा तिला रस्ता ओळखू आला, मग फाटक, मग फाटकाआडची फिकट निळी भिंत. तिला आनंद आणि धास्ती एकदमच वाटली. त्या शाळेची स्वच्छतागृहं तिनंच बांधली होती. बावीस दारं. त्यांचा मोठा फोटो कार्यालयाच्या जिन्यात लावलेला होता, आणि तोच नकाशा आता आणखी चाळीस शाळांसाठी सोमवारी सहीला जायचा होता.

नियम सोपा होता. मुलांनी फिरवायचं आणि बोलायचं, मोठ्यांनी लिहायचं. तिच्या वाट्याला सहावीतली एक मुलगी आली. जाड चष्मा, दोन वेण्या आणि बोलायला सुरुवात करण्याआधी श्वास घ्यायची सवय. बरोबरच्या मुली तिला चष्मिश म्हणत आणि ती त्या हाकेला ओ देई.

"इथं आम्ही प्रार्थना करतो. इथं पाणी प्यायचं. पण आम्ही पीत नाही."

"का? पाणी खराब आहे?" तिची पेन्सिल थांबली.

"पाणी छान आहे. पण प्यायलं की जावं लागतं." चष्मिशनं निळ्या भिंतीकडे बोट केलं. "घंटा होईपर्यंत धरून ठेवतो. घरी जाऊन पितो."

"पण... स्वच्छतागृह तर नवं आहे."

"हो, रंग खूप छान आहे," चष्मिश समजुतीनं म्हणाली. पाहुण्यांना वाईट वाटू नये, अशी ती बोलत होती. "पण दारं मैदानाकडं उघडतात. मुलं खेळत असतात, कोण गेलं, कोण आलं, सगळं मोजतात. आणि कडी वर आहे. ती लागली की निघत नाही. दुसरीतली एक मुलगी अख्खा तास आत अडकली होती. तिचा आवाजच गेला रडून. आता लहान मुली कडी लावतच नाहीत. कोणीतरी बाहेर उभं राहायचं. कोणी नसलं तर जायचंच नाही."

तिच्या हातात नवी टेप होती. तिनं ती दाराला लावली. कडी पाच फुटांवर होती. तिनं स्वतःच काढलेला आकडा, नकाशातल्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता. काम चोख झालं होतं.

"मग तुम्ही हे सांगितलं का नाही?"

चष्मिशनं श्वास घेतला. "कोणाला?"

ज्या वर्षी हे बांधलं, त्या वर्षी ती इथं चौदा वेळा आली होती. मुख्याध्यापकांशी बोलली, गवंड्याशी बोलली, रंगाऱ्याशी भांडली. मुली समोरच खेळत होत्या.

"हे मी बांधलंय," ती म्हणाली.

चष्मिशचा चेहरा उतरला. "तुम्ही रागावलात?"

"हो. पण तुमच्यावर नाही."

*

गाडीत सगळे चढत होते. ती फाटकाजवळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यानं नाही म्हटलं नाही. "परवा मुलांना भेटायला आलो, तेव्हा पाटीवर तुमच्या कार्यालयाचं नाव बघितलं. मुख्याध्यापकांनी तुमचं सांगितलं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? दोन दिवस माझ्यासमोर चहा पीत होतात."

"मी मुलींना विचारलं, ज्यांनी बांधलं त्यांना येऊ देऊ का? त्या म्हणाल्या, रागावणार नसतील तर येऊ द्या. सांगितलं असतं तर तुम्ही तयारी करून आला असता, त्यांना उत्तरं दिली असती... मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. "अठरा जणांना शिकवताय, की ज्याच्यावर परिणाम होणार त्याला विचारा. मला कोणी विचारलं?"

त्यानं शाळेच्या पाटीकडे बघितलं. मग म्हणाला, "नाही विचारलं. चुकलो."

तो सबबी सांगेल आणि आपल्याला आणखी भांडता येईल, अशी तिची अपेक्षा होती. सरळ चुकलो म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. ती गाडीत न बसता चालत घरी गेली.

पाचव्या दिवशी सकाळी ती प्रशिक्षणाला गेली नाही. कार्यालयात गेली, चाळीस शाळांची फाइल साहेबांच्या टेबलावरून उचलली आणि छातीशी धरून उभी राहिली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"साहेब, नकाशा चुकलाय. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. चूक माझी आहे, तसं मी लिहून देते. पण हा नकाशा चाळीस शाळांत जाऊ देऊ नका."

साहेब चष्मा काढून पुसू लागले. बारा वर्षांत या मुलीच्या तोंडून चूक हा शब्द त्यांनी दुसऱ्याबद्दलच ऐकला होता.

"दहा दिवस," शेवटी ते म्हणाले. "अकराव्या दिवशी नवा नकाशा आला नाही, तर जुनाच जाईल. शाळा सुरू आहेत, मी किती थांबू?"

प्रशिक्षणाचा शेवटचा तास चालू होता तेव्हा ती दार ढकलून आत आली. प्रत्येकानं आपण काय करणार ते एका वाक्यात सांगायचं होतं. इन्स्पेक्टर चौकीत मुलांशी बोलताना टेबलापलीकडून उठून शेजारी बसणार होते. नर्स सुई टोचण्याआधी खरं सांगणार होती. तिची पाळी आली.

"मला दहा दिवसांत स्वच्छतागृह पुन्हा काढायचंय. त्यासाठी मला त्या मुली हव्यात. आणि तुम्ही." सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "म्हणजे... प्रशिक्षक म्हणून."

इन्स्पेक्टरसाहेबांना मोठा खोकला आला. नर्सनं त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि स्वतःच हसत सुटली. तो मात्र हसला नाही. त्याचा चेहरा उजळला होता आणि तो लपवण्यासाठी तो कड्या पिशवीत भरत होता. एक कडी त्यानं दोनदा भरली.

*

ते दहा दिवस कसे गेले ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. शाळा सुटली की मैदानावर मुली जमत. मुलंही यायला लागली. आपल्याला का विचारत नाहीत म्हणून मुलं रुसली होती. कागदावरचा नकाशा कोणाला कळेना, म्हणून तिनं जमिनीवर खडूनं खऱ्या मापाचं स्वच्छतागृह काढलं. मुली त्यात शिरत, खोटं दार लोटत, खोटी कडी लावत आणि हे इथं नको, ते तिथं हवं असं सांगत. पाऊस आला की सगळं वाहून जाई. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा आखायचं. दर खेपेला नकाशा थोडा शहाणा होई.

दारं मागच्या भिंतीकडे वळली. पुढे आडोसा आला. कडी तीन फुटांवर उतरली, आणि तीही अशी की अडकलंच कोणी तर बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल. दप्तर अडकवायला खुंटी आली. चौथीतल्या एका मुलाला आत गाणी वाजायला हवी होती. त्यावर रीतसर मतदान झालं आणि गाणी तीन मतांनी पडली.

टेपचं एक टोक तिच्या हातात असे आणि दुसरं टोक धरायला तो येई. पट्टी ताणलेली असायची. तिनं जरा ओढलं की त्याला कळे, त्यानं जरा ढील दिली की तिला कळे. मोजून झालं तरी ती दोघं पट्टी लगेच सोडत नसत.

"सर," चष्मिश एकदा म्हणाली, "दुसरं टोक धरायला आम्हीपण आहोत."

"हो... आहात की."

"नाही, तुम्हीच धरा. बाई आल्या की तुम्ही वेगळे हसता. आम्हाला चालेल." मग श्वास घेऊन तिनं विचारलं, "यात आमचं मत घेणार आहात ना?"

टाकीबाईंना अचानक खडू संपल्याचं आठवलं. खडूची पेटी भरलेली होती.

शाळेसमोर चहाची टपरी होती. तिथं रोज एकच संवाद व्हायचा. चहा की कॉफी? तुम्ही घ्याल ते. बाकावर की उभ्यानं? तुम्हाला बरं वाटेल तसं. सातव्या दिवशी तिनं पेला आपटला.

"तुम्ही साऱ्या जगाला काय हवं ते विचारत फिरता. तुम्हाला काय हवं?"

तो गोंधळला. खरोखरच गोंधळला. उत्तर लपवणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. आत शोधायला गेलेल्या आणि हाती काही न लागलेल्या माणसाचा चेहरा होता.

"आम्ही पाच भावंडं," तो हळूहळू म्हणाला. "मी शेंडेफळ. कपडे दादांचे, पुस्तकं ताईची, शाळा काकांनी ठरवली, खेळाचा मास्तर हो असं आत्या म्हणाली. कोणी वाईट नव्हतं हं. सगळ्यांनी लाडच केले. फक्त... विचारलं कोणी नाही. मग हवं असण्याची सवयच लागली नाही. म्हणून असेल, दुसऱ्या मुलांना विचारायला लागलो."

तिला त्याचा हात धरावासा वाटला. तिनं त्याच्या पेल्याखालचं ओलं वर्तुळ रुमालानं पुसलं. त्या दिवशी तेवढंच जमलं.

*

दहाव्या दिवशी मोठे साहेब शाळेत आले. नकाशा तिनं काढला होता, पण सांगितला मुलींनी. चष्मिशनं आधी साहेबांना नमस्कार केला आणि मग म्हणाली, "साहेब, तुम्ही गुडघ्यावर बसाल का?"

टाकीबाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब रुमाल अंथरून गुडघ्यावर बसले होते आणि नमुन्यासाठी आणलेल्या लाकडी दारावरची जुनी कडी दोन बोटांनी ओढत होते. ओढून ओढून त्यांचा चेहरा लाल झाला. मग खालची नवी कडी त्यांनी सरकवली. ती टिक् करून उघडली.

"खिडकी इतकी खाली का?" त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

"झाड दिसावं म्हणून," दुसरीतली एक मुलगी मागून म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "आत अडकलं की बाहेरचं काही दिसत नव्हतं."

साहेब उठले. उठायला त्यांना चष्मिशनं हात दिला. त्यांनी तिथंच, मुलींच्या बाकावर कागद ठेवून सही केली. मैदानभर कल्लोळ उठला. त्या कल्लोळात कोणीतरी त्याला आणि तिला मिळून एकाच गोल रिंगणात ओढलं.

रिंगण सुटल्यावर, अजून धाप लागलेली असताना, त्यानं सांगितलं. "रविवारी सकाळी निघतोय. पुढचं प्रशिक्षण... बदलीच म्हणा ना. तीन तासांवर आहे. सहा महिने."

"केव्हा कळलं?"

"आठवडा झाला." आणि तिचे डोळे बघून घाईनं, "तुम्ही म्हणाल तर मी..."

"मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "काय ते तुम्ही म्हणा."

तो उभा राहिला. ओठ हलले. पण शब्द आला नाही, आणि मुली सरांना ओढत घेऊन गेल्या.

शनिवारभर ती घरात भांडी आपटत होती. आई म्हणाली, नकाशा मंजूर झाला ना, मग आता काय बिघडलं? वहिनीनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"जा आणि स्पष्ट बोल."

"मी बोलले तर तो हो म्हणेल, वहिनी. तो सगळ्यांना हो म्हणतो. मला तसं हो नकोय."

"मग जाऊन उभी राहा. बोलायचं त्याचं त्याला बोलू दे. घरात बसून त्याला तू दिसणार आहेस का?"

रविवारी सकाळी बसस्थानकाचं छप्पर टपटपत होतं. तो सामानाजवळ उभा होता, बसकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून. ती दिसली तशी त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काही बोलली नाही. बोलणं तिच्या अगदी जिभेवर होतं. ते गिळायला जेवढं बळ लागलं, तेवढं टाकीलाही लागलं नव्हतं.

"मी रात्रभर... तालीम करत होतो," तो म्हणाला. "आता एकही वाक्य आठवत नाही."

तिनं छत्री मिटली.

"सोपं आहे खरं तर. मला..." तो थांबला. पावसाचं पाणी पन्हाळीतून दोघांच्या मधोमध पडत होतं. तो पाऊल टाकून तिच्या बाजूला आला. "मला तू हवी आहेस. तुला चालेल तसं नाही, सोयीचं असेल तर नाही. मला हवी आहेस. दुकानात टिचकी मारलीस ना, तेव्हापासून. हे ऐकून तू नाही म्हणालीस तरी... तरी मला हवीच असशील. बस. एवढंच."

तो पहिल्यांदाच तिला तू म्हणाला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या मात्र आलं. तिचे डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत, पाऊस होताच.

"सतरा दिवस लावलेस," ती म्हणाली.

"म्हणजे... हो?"

"म्हणजे हो. सरक, मला चढू दे."

"कुठं?"

"तीन तास बसमध्ये एकटा काय करशील? मी संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. खोली कशी आहे, पाणी येतं का, ते मला बघायचंय."

ती खिडकीशी बसली, तो शेजारी. बस निघाली तेव्हा दोघांचे हात सीटवर जवळजवळ होते. पहिल्या वळणावर बस कलली, हात एकमेकांना टेकले, आणि रस्ता सरळ झाल्यावरही कोणी हात काढून घेतला नाही. बाहेर ओली शेतं मागे पळत होती. मधल्या एका थांब्यावर फोन वाजला. वहिनी होती.

"अगं कुठं आहेस? आई दारात उभ्या आहेत."

"बसमध्ये आहे. आईला सांग, माझ्यासाठी मुलगा बघायचं बंद कर."

पलीकडे वहिनीचं खुदकन हसणं, मग फोनची ओढाओढ, मग आईचा आवाज. ती ऐकत होती, हूं हूं करत होती. फोन ठेवला तेव्हा तिचे गाल दुखत होते.

"आई काय म्हणाल्या?" त्यानं धास्तीनं विचारलं.

"विचारत होती, मुलगा काय करतो."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, हवं ते मागायला शिकतोय." तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. "नवाच आहे. पण हुशार आहे."